'ह्येका धीरच नाय'

"पोरगा हुशार आहे, पण आत्मविश्वास नाही." ही तक्रार घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारे आईवडील बरेच असतात. देवगडकडचे एक बागायतदार मुलाला घेऊन आले, तेव्हा म्हणाले, "मॅडम, ह्येका धीरच नाय. जरा समजावा." (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

समजावून झालंच होतं. व्यक्तिमत्त्व विकासाचा वर्ग झाला होता, आरशासमोर 'मी करू शकतो' म्हणून झालं होतं. घरात कौतुकाला तोटा नव्हता. पण कॉलेजचा फॉर्म बाबांनी भरलेला, बँकेत बाबाच जाणार, फोनवर आई बोलणार. "तू एकट्याने तडीस नेलेलं एक काम सांग," म्हटल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. मग, "तसा काय नाय." स्वतःवर विश्वास ठेवायला त्याच्याकडे पुरावाच नव्हता.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये अशा विश्वासाचे चार स्रोत मांडले: स्वतः करून मिळवलेलं यश, आपल्यासारख्या कुणाला ते करताना पाहणं, इतरांनी दिलेला धीर आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यांतला पहिला सगळ्यांत बळकट. या घराने सगळा भार तिसऱ्यावर टाकला होता.

पावसाळ्याचे दिवस होते आणि मामाची कलमांची रोपवाटिका होती. ठरलं असं: कोय कलमं (आंब्याच्या कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर चांगल्या झाडाची काडी बांधून केलेली कलमं) तो स्वतः बांधेल, किती बांधली आणि किती जगली ते वहीत लिहील. शाबासकी नाही, आणि मामाने मागाहून गुपचूप दुरुस्ती करायची नाही. ही दुसरी अट पाळणं मामाला फार जड गेलं!

पहिल्या खेपेची बहुतेक कलमं सुकली. तो ते सांगायला आला आणि कारणंही सांगू लागला: काडी रोपाच्या जाडीची हवी, पाचर एका सुरीत तासायची, सालीला साल भिडली पाहिजे, पट्टी सैल राहिली की पाणी शिरतं. इतकं सलग बोलताना मी त्याला प्रथमच ऐकत होते. दुसऱ्या खेपेला दोन-तीन आठवड्यांत बऱ्याच काड्यांना कोंब आले. झाडाला कुणाचं मन राखायचं नसतं, म्हणून तो निकाल त्याला खरा वाटला. पुढे गिऱ्हाइकांचे फोन तोच घेऊ लागला.

इंग्रजीतल्या मुलाखतीला मात्र तो आजही अडखळतो. एका कामातला धीर दुसऱ्यात आपोआप उतरत नाही. तिथे वेगळी मेहनत लागते आणि ती तो करतो आहे.

मूल झोपत नसेल, जेवत नसेल, जगणं नकोसं झाल्याचं बोलत असेल, तर कामाला जुंपण्याआधी मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. एरवी वयाला झेपेल, पण चुकण्याची शक्यता असेल असं एक खरं काम पूर्णपणे त्याच्या हाती सोपवा. सुरुवात पुढच्या फॉर्मपासून करता येईल. तो त्यालाच भरू द्या.