अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये एखाद्या असिस्टंट कोचला बढती मिळाली की ‘आता रिक्रूटिंगला (शाळेतली चांगली पोरं कॉलेजकडे ओढण्याला) जोर येणार’ असं का म्हणतात? खरंच फरक पडतो का?

पडतो. पण बातमीत लिहितात त्या कारणाने फारसा पडत नाही, आणि कधीकधी उलटाच पडतो.

मी बारा वर्षं कोलंबस, ओहायोत राहतो. इथे सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये कोणाला शनिवारी सत्यनारायण घालायचा असेल तर पंचांगाआधी ओहायो स्टेट या इथल्या विद्यापीठाच्या मॅचची वेळ बघतात. पहिली दोन वर्षं मी वैतागलो, तिसऱ्या वर्षी लाल टी-शर्ट घेतला. त्यामुळे उत्तर थोडं एकतर्फी असेल, सांभाळून घ्या.

आधी पाया. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, ड्राफ्ट असतो, संघ खेळाडू उचलतो. कॉलेजात उलटं, सतरा वर्षांचा पोरगा कॉलेज निवडतो. तो चांगला असेल तर वीस-तीस कॉलेजं त्याच्या मागे लागतात. हेड कोच आणि दहा असिस्टंट एवढ्यांनाच कॅम्पसबाहेर जाऊन रिक्रूटिंग करता येतं. त्यातही रोजचं काम असिस्टंटचं. रिसीव्हर्सचा (फेकलेला चेंडू झेलणाऱ्यांचा) कोच रिसीव्हर पोरांना दोन-दोन वर्षं फोन करतो, आईशी बोलतो, आजीची तब्येत विचारतो, शाळेतल्या कोचला धरून असतो. हेड कोच येतो तो शेवटी, लग्नाच्या बैठकीला थोरले काका येतात तसा. तोवर सगळं ठरलेलं असतं.

म्हणजे पोराचं नातं जुळतं ते असिस्टंटशी. गंमत अशी की पूर्वी ज्या कागदावर पोरं सही करायची (नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, २०२४ मध्ये बंद झालं) त्यात स्वच्छ लिहिलेलं असायचं की तुम्ही कॉलेजशी करार करताय, कोचशी नाही. हे लिहावं लागलं यातच काय ते समजा. आपल्याकडे तरी पोरगं तालमीची इमारत बघून जातं की वस्ताद बघून?

आता आमच्या गावचंच उदाहरण. ब्रायन हार्टलाइन हा कॅन्टनचा, म्हणजे ओहायोचाच. ओहायो स्टेटकडून रिसीव्हर म्हणून खेळला, मग एनएफएलमध्ये सात हंगाम, त्यातले सहा मायामी डॉल्फिन्सकडे. २०१७ मध्ये परतला तो ‘क्वालिटी कंट्रोल’ नावाच्या जागेवर. जोरदार नावाची अगदी खालची जागा. फिल्म बघा, तक्ते भरा, वर द्या. २०१८ च्या उन्हाळ्यात आधीच्या रिसीव्हर कोचला काढलं आणि हंगाम तोंडावर असताना याला तात्पुरतं उभं केलं. पुढे तोच कायम झाला.

त्यानंतर जे झालं ते थक्क करणारं होतं. टेक्सासहून जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा आला, फिलाडेल्फियाहून मार्विन हॅरिसन ज्युनियर, वॉशिंग्टन राज्यातून एमेका एग्बुका. गॅरेट विल्सन आणि ख्रिस ओलावे हेही त्याच्या हाताखाली तयार झाले. २०२२ ते २०२५ या चार ड्राफ्टमध्ये हे पाचही जण पहिल्या फेरीत, म्हणजे सगळ्यांत आधी, उचलले गेले. चांगल्या रिसीव्हर पोराला मग समजवायचं तरी काय? ही पाच नावं पुरेशी होती.

असा माणूस हातात असला की कॉलेजच्या पोटात गोळा येतो: हा दुसरीकडे गेला तर? त्याला धरून ठेवायला पैसे आणि मोठं पद ही दोनच हत्यारं. २०२२ मध्ये त्याला पासिंग गेम कोऑर्डिनेटर (चेंडू फेकण्याच्या डावांचा प्रमुख) केलं. मग ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाचा प्रमुख कोच, केव्हिन विल्सन टल्साला हेड कोच होऊन गेला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याच्या जागी हार्टलाइन आला. इथे टीव्हीवर जल्लोष, आता म्हणे रिक्रूटिंगला पंख फुटणार.

तारखा बघा. फ्लोरिडाचा जेरेमाया स्मिथ, त्याच्या बॅचमधला देशातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, त्याने ओहायो स्टेटला होकार दिला तो डिसेंबर २०२२ मध्ये. बढतीच्या आधी! बढतीने नवं कोणी आणलं असं मला वाटत नाही. तिने हार्टलाइनला आणखी एक वर्ष त्याच जागी, त्याच फोनवर ठेवलं, आणि त्या वर्षालाच किंमत होती. कारण होकार म्हणजे सही नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये सहीच्या दिवशी मायामी आणि फ्लोरिडा स्टेट ही कॉलेजं त्याला ओढत होती. माझ्या ऑफिसात त्या दुपारी एकही माणूस काम करत नव्हता, सगळे पान रिफ्रेश करत बसलेले. पोरगा शेवटी इकडेच आला. पहिल्याच हंगामात झेल घेऊन १,३१५ यार्ड. आणि जानेवारी २०२५ च्या अंतिम सामन्यात नोत्र दामविरुद्ध थर्ड अँड इलेव्हनला (तिसरा प्रयत्न, अजून अकरा यार्ड हवेत) त्याने घेतलेला तो ५६ यार्डांचा झेल! आमच्या दिवाणखान्यात माझ्या सासूबाईसुद्धा उभ्या राहिल्या होत्या, त्यांना नियम माहीत नाहीत तरी.

आता दुसरी बाजू. कोऑर्डिनेटर झाला म्हणून हार्टलाइनच्या हाती सगळं आलं का? नाही. २०२३ मध्ये डाव सांगायचं काम हेड कोच रायन डेकडेच राहिलं. पुढच्या वर्षी त्यासाठी चिप केलीला आणलं, जो यूसीएलएचं हेड कोचपद सोडून आला. म्हणजे पाटी एकाची, काम दुसऱ्याचं. याला मी दोष देत नाही. दिवसभर डाव रचणाऱ्या माणसाला पोरांच्या आज्यांची चौकशी करायला वेळ कुठून मिळणार? चांगला रिक्रूटर वर चढवला की तो रिक्रूटिंगपासून लांब जातो, हा या धंद्यातला जुना तिढा. शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये हार्टलाइन साउथ फ्लोरिडाला हेड कोच झालाच. तेव्हा ख्रिस हेन्री ज्युनियर या मोठ्या रिसीव्हरने ठरल्या दिवशी सही केली नाही, पुन्हा अख्खं गाव गॅसवर. नंतर केली, इकडेच.

स्टाफमधल्याच माणसाला थेट हेड कोच केलं तर परिणाम जास्त ठळक दिसतो. २०२१ च्या नोव्हेंबरअखेर नोत्र दामचा हेड कोच ब्रायन केली ते कॉलेज सोडून एलएसयू या दुसऱ्या कॉलेजला गेला. सहीचा दिवस दोन आठवड्यांवर. कॉलेजने बाहेर शोधाशोध न करता डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (बचावाचा प्रमुख कोच) मार्कस फ्रीमनलाच गादीवर बसवलं, आणि येणारी बहुतेक पोरं जागची हलली नाहीत. पण पुढच्याच वर्षी कीऑन कीली आणि पेटन बोवेन हे दोन पंचतारांकित (सर्वात वरच्या दर्जाचे) होकार हातचे गेले, एक अलाबामाला, एक ओक्लाहोमाला. बढतीने गळती थांबते. दुसऱ्याचा हात आत येणं नाही थांबत.

पैशाबद्दल कोणीतरी विचारेलच. २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देतात, पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. त्यामुळे कोचचं वजन कमी झालं हे खरं. पण तीन कॉलेजांचा आकडा सारखाच आला की पोरगं पुन्हा विचारतं, मला शिकवणार कोण?

हे सगळं वरच्या थरातलं. खालच्या थरातलं मी जवळून पाहिलंय. आमच्या शेजारचा मुलगा, रिसीव्हर, बरा खेळायचा, स्टार वगैरे नाही. दुसऱ्या राज्यातल्या एका मध्यम कॉलेजचा कोच त्याला दर गुरुवारी रात्री आठला फोन करायचा. मुलाची आई नर्स, तिची नाइट शिफ्ट कधी ते त्या कोचला पाठ. मग कोचला बढती मिळाली. घरच्यांना इतका आनंद झाला की त्यांनी केक आणला, आम्हालाही तुकडा आला. पुढचा गुरुवार कोरडा गेला, त्याच्या पुढचाही. मुलाच्या वाढदिवसाला कॉलेजकडून पोस्टर आलं, त्यात जर्सीचा नंबर चुकलेला. बढती मिळालेल्या कोचच्या जागी आलेला नवा कोच स्वतःची यादी घेऊनच आला होता. आई मला कुंपणाशी म्हणाली, “त्याला बढती मिळाली आणि आमची बदली झाली.”

पुढच्या वेळी दुसऱ्या कॉलेजचा कोच घरी जेवायला आला, तेव्हा तिने भात वाढता वाढता विचारलं, “तुमचं प्रमोशन कधी आहे?” तो हसला. ती हसली नाही. मग त्याने खरं सांगितलं की एका ठिकाणी मुलाखत होऊन गेलीये, काय होईल ते माहीत नाही. पोरगा तरीही तिकडेच गेला.