हायड्रोटेस्टमध्ये फ्लँज गळतो. जाडी वाढवावी की बोल्ट आणखी आवळावेत?

आपल्या प्रश्नातील माहिती अशी आहे: दाबपात्राचा आतील व्यास 560 मिलिमीटर, डिझाइन दाब 1.5 मेगापास्कल, गॅस्केट (जोडातील गळती रोखणारे कडे) 20 मिलिमीटर रुंदीचे स्पायरल वाउंड, म्हणजे धातूची पट्टी गुंडाळून केलेले, त्याचा प्रभावी व्यास 600 मिलिमीटर आणि बी7 या पोलादी प्रतीचे 24 मिलिमीटरचे 20 स्टड, म्हणजे नट लावून आवळायचे बोल्ट. एएसएमई या अमेरिकी अभियंता संस्थेच्या संहितेच्या आठव्या विभागातील फ्लँजविषयक परिशिष्ट 2 प्रमाणे सर्व ताण मर्यादेत आहेत, तरीही हायड्रोटेस्टमध्ये, म्हणजे पाणी भरून घेतलेल्या दाबचाचणीत, फ्लँजच्या (पात्र आणि झाकण बोल्टने जोडणाऱ्या जाड कडांच्या) मुख्य जोडातून पाणी झिरपते. माझे मत असे की जाडीला हात लावण्यापूर्वी स्टडमध्ये प्रत्यक्ष किती ओढ निर्माण झाली आहे हे तपासावे.

शेल, म्हणजे पात्राची दंडगोल भिंत, जाड करण्याचा विचार मात्र आताच सोडून द्यावा. या दाबाला, 138 मेगापास्कल मान्य ताणाच्या प्लेटमध्ये आणि पूर्ण रेडिओग्राफी (किरणांनी तपासणी) केलेल्या वेल्डसह, शेलला गंजाची तरतूद वगळता जेमतेम 3 मिलिमीटर जाडी पुरते, कारण तेथे धातू केवळ ताणला जातो. फ्लँज वाकतो, म्हणूनच त्याच पात्रावर त्याची जाडी कित्येक पटींनी अधिक असते आणि त्याचे गणितही वेगळे असते.

ते गणित आपल्या आकड्यांवर करून पाहू. दाबामुळे झाकण उचलणारे बल सुमारे 424 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 43 टन आहे. दाब असताना गॅस्केट घट्ट राहावे म्हणून, गॅस्केट गुणांक (गॅस्केटवर दाबाच्या किती पट ताण राहावा तो आकडा) 3 धरून, आणखी सुमारे 135 किलोन्यूटन लागतात, एकूण 559. परंतु दाब येण्यापूर्वी गॅस्केट नीट बसवण्यासाठी, 69 मेगापास्कल हा बसवणीचा ताण धरल्यास, सुमारे 1037 किलोन्यूटन भार लागतो. म्हणजे आपल्या जोडात दाबापेक्षा गॅस्केटची बसवणीच निर्णायक आहे, आणि 172 मेगापास्कल मान्य ताणाने भागले असता 20 स्टड पुरेसे ठरतात. येथपर्यंत आपले गणित बरोबर आहे.

घोटाळा पुढे होतो, आणि तो मी अनेक ड्रॉइंगांवर पाहिला आहे. 172 मेगापास्कल ही स्टडची संख्या आणि आकार ठरवण्यासाठी घेतलेली मर्यादा आहे. जोडणी करताना स्टड तेवढ्यावरच थांबवावेत असा तिचा अर्थ नाही. बी7 स्टडचा यील्ड ताण (ज्यापुढे धातू कायमचा लांबतो तो ताण) सुमारे 720 मेगापास्कल असतो आणि जोडणीच्या वेळी त्याच्या निम्म्याच्या आसपास, सुमारे 345 मेगापास्कल, ताण देणे ही रूढ पद्धत आहे. शिवाय हायड्रोटेस्टचा दाब डिझाइन दाबाच्या किमान 1.3 पट असल्याने झाकण उचलणारे बल 551 किलोन्यूटनांवर जाते. गॅस्केट कालांतराने थोडे दबते आणि शेजारचा स्टड आवळला की आधीचा सैल पडतो. हे सगळे गृहीत धरले तर 172 वर आवळलेला जोड गळणे नवलाचे नाही.

टॉर्क रेंचवरचा (आवळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, दाखवणाऱ्या पान्यावरचा) आकडाही जपून वाचावा. ग्रीस लावलेल्या 24 मिलिमीटरच्या स्टडला, नट गुणांक (घर्षणानुसार बदलणारा आकडा) 0.2 धरल्यास, सुमारे 585 न्यूटन-मीटर टॉर्कने 122 किलोन्यूटन ओढ मिळते. तोच स्टड कोरडा असून गुणांक 0.3 झाला तर ती 81 वर येते, आणि फिटरला मात्र रेंच तोच आकडा दाखवत राहतो. म्हणून आटे आणि नटाची बसण्याची बाजू दोन्हींना ग्रीस लावावे, समोरासमोरचे स्टड घेत 30, 70 आणि 100 टक्के अशा फेऱ्यांत आवळावे, त्यानंतर ओळीने गोल फेरी मारावी आणि काही तासांनी पुन्हा एकदा तपासावे.

मात्र “आणखी आवळा” या सल्ल्यालाही मर्यादा आहे. 345 मेगापास्कलला आपल्या 20 स्टडची एकूण ओढ सुमारे 2436 किलोन्यूटन होते, म्हणजे डिझाइनमध्ये धरलेल्या भाराच्या दुप्पटीहून अधिक. बोल्ट वर्तुळ गॅस्केटच्या बाहेर असल्याने ही ओढ फ्लँजला पिळते. बाहेरची कड जवळ येते, आतली कड उघडते आणि गॅस्केट बाहेरच्या बाजूला चिरडते. 1937 मध्ये वॉटर्स, रॉसहाइम, वेस्ट्रॉम आणि विल्यम्स यांनी मांडलेल्या ज्या पद्धतीवर परिशिष्ट 2 आधारलेले आहे, ती मुळात धातू टिकेल का हे तपासते, जोड गळेल का हे नव्हे. त्यामुळे त्याच परिशिष्टातील दृढता निर्देशांक (फ्लँज मर्यादेच्या तुलनेत किती वळतो याचे माप), जो एकसंध (शेलशी अखंड) फ्लँजसाठी 0.3 अंश आणि हबविरहित (शेलकडे निमुळता होणारा भाग नसलेल्या) सैल फ्लँजसाठी 0.2 अंश वळण गृहीत धरतो, प्रत्यक्ष आवळणीच्या भाराने जरूर मोजून पाहावा. तो 1 च्या वर गेला तरच जाडी वाढवावी. हबविरहित रिंग फ्लँजमध्ये दृढता जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने 60 ऐवजी 70 मिलिमीटर केल्यास ती सुमारे 1.6 पट होते.

जोड उघडाल तेव्हा वेल्डिंगनंतर फ्लँजचा चेहरा सपाट राहिला आहे का हे पाहावे, गॅस्केटच्या रुंदीला आडवा छेदणारा ओरखडा शोधावा आणि जुने गॅस्केट पुन्हा वापरू नये. आणि पात्रात दाब असताना गळती थांबवण्यासाठी कोणालाही पाना लावू देऊ नये; आधी दाब पूर्ण उतरवावा, मगच स्टडला हात लावावा.