‘फजरचा अलार्म त्यातच आहे, मॅडम’

‘मॅडम, पोरगा पार मोबाईलच्या आहारी गेलाय. अभ्यास गेला, नमाज गेली. तुम्ही त्याच्याकडून फोन काढूनच घ्या.’

कोकणातल्या खेड तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून आलेला एका आईचा हा फोन. पुण्यातल्या ज्या कॉलेजात मी समुपदेशक म्हणून बसते, तिथे कमी हजेरीच्या याद्या लागल्या की असे फोन सुरू होतात. कुणाची आई ‘नमाज गेली’ म्हणते, कुणाची ‘देवापुढे उभासुद्धा राहत नाही’ म्हणते. बाकी तक्रार शब्दाला शब्द तीच. (मुलाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलगा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. हजेरी ४१ टक्के, दोन विषयांत एटीकेटी. कॅम्पातल्या एका खोलीत कॉट बेसिसवर चौघं राहायचे. समोर बसला तो फोन मांडीवर पालथा ठेवून. बोलताना अंगठा त्याच्या कडेवरून फिरत होता.

मी दहा प्रश्नांची एक चाचणी दिली. कोरियातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये तयार केलेली ही चाचणी आता बरेच जण वापरतात. ठरवलेली कामं फोनमुळे राहतात का, वर्गात लक्ष लागत नाही का, मनगट किंवा मान दुखते का, असे प्रश्न. गुण १० ते ६०. मुलांसाठी ३१ आणि मुलींसाठी ३३ ही धोक्याची रेषा. त्याचे ४४ आले. आकडा बघून त्याचा चेहरा पडला, म्हणून लगेच सांगितलं की हे निदान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, ‘स्मार्टफोनचं व्यसन’ या नावाचा आजार नाही. ही चाचणी म्हणजे तापमापक. ताप आहे एवढं कळतं, कशाचा ते शोधावं लागतं.

आणि मग मी नेहमीची चूक केली. शोधण्याआधीच औषध दिलं. ‘रात्री फोन खोलीबाहेर ठेव.’

तो शांतपणे म्हणाला, ‘फजरचा अलार्म त्यातच आहे, मॅडम.’

फजर म्हणजे पहाटेची नमाज. नमाजच्या पाचही वेळा त्यातच. कुराणही त्यातच. वर्गाच्या नोट्स, असाइनमेंटची तारीख, मेसवाल्याचा हिशेब, सगळं त्यातच. आई म्हणते तसा फोन काढून घेतला असता, तर अभ्यास आणि नमाज दोन्हींची साधनं मीच काढून घेतली असती.

दुसऱ्या भेटीला मी एकूण तास विचारले नाहीत. चार दिवसांचा तासवार तक्ता करून आणायला सांगितला: किती वाजता, काय बघत होतास, आणि तेव्हा कशाची वाट बघत होतास. हा तिसरा रकाना मी अलीकडे सगळ्यांनाच देते. दिवसा काही विशेष नव्हतं, इतर मुलांइतकंच. खरा आकडा रात्री दहा ते पहाटे चारमधला. दहा ते एकच्या पुढे तिसऱ्या रकान्यात चारही दिवस एकच शब्द होता: अब्बा.

वडील कुवेतला एका हॉटेलात. ड्युटी दुपारी एक ते रात्री दहा. खोलीवर पोचेपर्यंत साडेदहा. कुवेत आपल्या अडीच तास मागे, म्हणजे इकडे रात्रीचा एक. तेव्हा व्हिडिओ कॉल यायचा, पंधरा मिनिटांचा. त्या पंधरा मिनिटांसाठी तीन तास जागायचं, जागण्यासाठी रील्स बघायच्या. कॉल झाल्यावर झोप उडालेली, मग पुन्हा रील्स. चारला डोळा लागायचा, साडेपाच-सहाचा अलार्म बंद व्हायचा, आणि आठचं लेक्चर अर्थातच बुडायचं.

बघायचा काय? मला वाटलं होतं क्रिकेट, कॉमेडी. ते होतंच. पण निम्मे होते बयानचे, म्हणजे धार्मिक प्रवचनांचे तुकडे. तो जरा बचावात्मक सुरात म्हणाला, ‘ते तर चांगलंच आहे ना?’ मी तक्त्यावर बोट ठेवलं. पहाटे ३ वाजून १० मिनिटं: ‘फजर चुकवणाऱ्यांसाठी’ असा एक व्हिडिओ. तो वाचून आधी तो हसला, मग बराच वेळ खाली बघत राहिला. मजकूर चांगला की वाईट, याच्याशी अंगठ्याला देणंघेणं नसतं. एक संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. पुढचा कसा निघेल ते माहीत नसतं, आणि हात थांबत नाही तो त्या उत्सुकतेपायी. त्यात नमाज चुकल्याची टोचणी. टोचणी विसरायला आणखी रील्स.

आणखी एक नोंद होती, ती सांगायला त्याने तीन भेटी घेतल्या. कुठे काही घडलं, तणावाची बातमी आली, की तो त्याखालच्या कमेंट वाचत बसायचा. आपल्या लोकांबद्दल लिहिलेल्या. शंभर, दोनशे. ‘वाचायचं नसतं, पण थांबता येत नाही. वाटतं, आपल्या गावात तर काही नाही ना.’ याला करमणूक कोण म्हणेल? ही पहाऱ्यावर बसल्यासारखी जाग होती. अशा वेळी ‘स्क्रीन टाइम कमी कर’ म्हणणं मला तरी उद्धट वाटतं. आम्ही एवढंच ठरवलं की खुशाली गावच्या चुलतभावाला विचारायची, कमेंटला नाही. झोप, भूक, उदासी, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, हेही विचारून घेतलं. ते विचार असते, तर रील्सचा विषय बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं असतं. (सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, हे मी प्रत्येक मुलाला लिहून देते.)

एकदा तो आपणहून म्हणाला, ‘बारावीनंतरच्या रमजानला मी गावच्या मशिदीत एतेकाफला, म्हणजे तिथेच राहून इबादत करायला, बसलो होतो. शेवटचे दहा दिवस, फोन घरी. पहिले दोन दिवस हात खिशाकडे जायचा. मग आठवणसुद्धा आली नाही.’ मी खूश. म्हटलं, तसंच इथे करून बघ, आठवडाभर. तिसऱ्या दिवशी फसलं. कारण त्यालाच कळलं: ‘तिथे डबा घरून यायचा, झोपायच्या वेळा सगळ्यांच्या सारख्या, आणि कुणी माझी वाट बघत नव्हतं.’

तेव्हा वाट बघण्याचाच बंदोबस्त करायला हवा होता. ‘अब्बांना वेळ बदला म्हण.’ तो तयार होईना. ‘दिवसभर उभे असतात. माझ्याशी बोलायला जागतात. त्यांना कसं सांगू?’ शेवटी माझ्या खोलीतूनच त्याने फोन लावला. वडील एकदम गप्प झाले. मग म्हणाले, ‘मला वाटलं तू अभ्यासाला जागतोस. म्हणून मी डोळे ताणून बसायचो.’ दोन वर्षं बापलेक एकमेकांसाठी जागत होते.

आता कॉल दुपारी दोनला होतो, जोहरनंतर, म्हणजे दुपारच्या नमाजनंतर. तिकडे तेव्हा साडेअकरा, ड्युटीच्या आधी. आईला ते नेहमी त्याच सुमारास फोन करत होते, गंमत म्हणजे.

अलार्मचा प्रश्न वडिलांनीच सोडवला. गावी सुटीवर येणाऱ्या माणसाबरोबर अजान देणारं घड्याळ पाठवलं. पहिल्या पहाटे त्याने अख्खी खोली दणाणून सोडली, रूममेट उशी घेऊन धावले. आवाज कमी केल्यावर तह झाला. फोन आता रात्री अकराला कपाटात जातो.

अभ्यासाची वेळ मी सुचवली नाही, त्यानेच काढली: असर ते मगरिब, म्हणजे उतरत्या दुपारच्या नमाजपासून सूर्यास्ताच्या नमाजपर्यंत. मी म्हटलं, अरे, मध्ये तासदीड तासच मिळेल. तेव्हा माझं ज्ञान वाढलं. शाफई आणि हनफी हे इस्लामी धर्मशास्त्राचे दोन पंथ. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, त्यांची असर लवकर होते. मराठवाड्यातला त्याचा रूममेट हनफी, त्याची तासाभराने. ‘आम्हाला जास्त वेळ मिळतो, मॅडम.’ त्या वेळात तो अभ्यासिकेत बसतो, झेरॉक्स काढलेल्या नोट्स घेऊन, फोन सॅकमध्ये. हिवाळ्यात मगरिब लवकर येते, तेव्हा वेळ घटतो. त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.

आईची मात्र एक मागणी शेवटपर्यंत होती: मी त्याला अल्लाहची भीती घालावी. मी नम्रपणे नाही म्हटलं. एक तर तो माझा अधिकार नाही, आणि भीती त्याच्याकडे गरजेपेक्षा जास्तच होती.

या सत्रात हजेरी ७८ टक्के, एक विषय सुटला, एक राहिला. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पुन्हा तीन रात्री घसरला, ते त्याने स्वतः येऊन सांगितलं. रोजचा फोन अजून साडेचार तासांच्या आसपास आहे.

मागच्या महिन्यात आईचा पुन्हा फोन आला. म्हटलं, आता काय झालं?

‘मॅडम, संध्याकाळी पोरगा माझा फोनच उचलत नाही.’