वाचक विचारतात: नवा अल्बम कानाला का टोचतो?

प्रश्न: मेटॅलिका या हेवी मेटल बँडचा १९८६चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ तासभर ऐकवतो, २००८चा ‘डेथ मॅग्नेटिक’ मात्र लवकर थकवतो. स्पीकर बिघडलाय का?

उत्तर: स्पीकर ठीक आहे. ‘डेथ मॅग्नेटिक’च्या सीडीवर मास्टरिंगमध्ये, म्हणजे ध्वनीवरच्या शेवटच्या संस्कारात, आवाजाची पातळी इतकी चढवली, की ध्वनिलहरींची टोकंच छाटली गेली. म्हणून ड्रमचा ठोका फाटका येतो. आवाज कमी केल्यानं ही फाट भरत नाही. तरीही तुलना करताना नव्या अल्बमचा आवाज जुन्याइतका उतरवाच, कारण मोठं वाजणारं गाणं सुरुवातीला उगाच सरस भासतं. ‘गिटार हिरो’ या गेममधली ‘डेथ मॅग्नेटिक’ची हीच गाणी कमी दाबलेली आहेत, म्हणजे त्यांतला लहान-मोठ्या आवाजाचा फरक जास्त शाबूत आहे; ती ऐका. रचना दमदार आहेत! फक्त ‘पपेट्स’ची ८ गाणी ५५ मिनिटांत आटोपतात, इथे १० गाण्यांना ७५ लागतात, आणि तो पसारा जाणवतो.