बॅलन्सर शॉर्ट झाल्यानंतर एक सेल सतत उतरतोय, ट्रान्झिस्टर बदलूनही फरक नाही. दोष कुठे शोधू?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: चार लिथियम-आयन सेलचा सिरीज पॅक, प्रत्येक सेलवर टीएल४३१ (व्होल्टेज ठरलेल्या पातळीला पोचलं की चालू होणारा आयसी) आणि बीडी१४० (ट्रान्झिस्टर) यांचा घरी बनवलेला बॅलन्सर, म्हणजे भरलेल्या सेलचा जादा करंट रेझिस्टरमधून वळवून सगळे सेल सारखे ठेवणारा बोर्ड. स्क्रूड्रायव्हर बोर्डावर बी२ आणि बी३ या दोन पॅडांवर आडवा पडला, बी२ चा ट्रॅक जळाला, तुम्ही त्यावर वायरचा जंपर टाकला. आता तिसऱ्या सेलचा १० ओहमचा रेझिस्टर (ज्यातून जादा करंट जातो तो) सतत तापतो, तो सेल ३.३ व्होल्टवर आलाय, बाकीचे ४ च्या आसपास आहेत. दुसरं चॅनल, म्हणजे दुसऱ्या सेलचा बॅलन्सर, तर चालूच होत नाही. तिसऱ्याचा बीडी१४० बदलला, तरी तेच.

माझा संशय तुमच्या जंपरवर आहे. ट्रान्झिस्टर बहुधा विनाकारण बदलला गेला.

बी२ ही दुसऱ्या सेलची वरची आणि तिसऱ्याची खालची बाजू. तुमच्या आकृतीप्रमाणे तिसऱ्या चॅनलच्या डिव्हायडरमधला (सेलचं व्होल्टेज विभागून टीएल४३१ ला दाखवणारी दोन रेझिस्टरची जोडी) खालचा १० किलो-ओहम बी२ ला येतो, आणि दुसऱ्या चॅनलचा वरचा ६.८ किलो-ओहमसुद्धा तिथूनच निघतो. जंपर पॅडपासून थेट टोकापर्यंत गेला आणि मधले फाटे सुटे राहिले, तर काय होईल बघा. खालचा रेझिस्टर तुटला की तिसऱ्या टीएल४३१ च्या रेफरन्स पिनवर (व्होल्टेज बघणाऱ्या पायावर) २.५ व्होल्टऐवजी जवळजवळ सगळं सेल व्होल्टेज येतं, ४.२ ची वाट न बघता तो चालूच राहतो. वरचा रेझिस्टर तुटला की दुसऱ्याच्या रेफरन्सवर काहीच येत नाही. तो कधीच चालू होत नाही. तुमची दोन्ही लक्षणं एकाच जळक्या ट्रॅकमधून निघू शकतात. मात्र दोन्ही फाटे एकमेकांना जोडलेले राहून फक्त बी२ पासून सुटले असतील, तर चित्र वेगळं आणि जास्त वाईट. मग बोर्ड दोन सेलची सरासरी बघतो. एक सेल ४.३ ला गेला आणि दुसरा ४.० ला असला, तरी बोर्डाच्या मते सगळं आलबेल.

तपासताना बॅलन्स कनेक्टर काढून ठेवा, पॅक बोर्डापासून पूर्ण वेगळा हवा. मल्टिमीटर ओहमवर लावून लाल प्रोब चॅनलच्या प्लसला आणि काळा मायनसला लावा. धड चॅनल साधारण १७ किलो-ओहम दाखवतं, ती डिव्हायडरची बेरीज. मेगा-ओहम किंवा ओएल (मीटरच्या मर्यादेबाहेर) आलं तर डिव्हायडरचा एखादा पाय अधांतरी आहे, म्हणजे माझा संशय खरा. साडेपाचशे ओहमच्या आसपास आलं तर टीएल४३१ शॉर्ट (तुमचे ४७० आणि १०० ओहम मिळून तेवढेच होतात). १० ओहम आलं तर ट्रान्झिस्टरच शॉर्ट आहे, नवा असला तरी.

आणि २० ओहम आलं तर? चारही बीडी१४० एकाच अ‍ॅल्युमिनियम पट्टीवर आहेत, असं तुम्ही लिहिलंय. बीडी१४० ची मागची धातूची पाठ आतून कलेक्टरला (तीन पायांपैकी एकाला) जोडलेली असते. बदलताना अभ्रकाची इन्सुलेटर चकती राहून गेली, किंवा स्क्रूमधून संपर्क झाला, तर तिसऱ्या आणि चौथ्याचे कलेक्टर एकत्र येतात आणि तिसरा सेल दोन रेझिस्टरमधून, म्हणजे २० ओहममधून, उतरत राहतो. हाताला लगेच कळतं: तिसरा आणि चौथा दोन्ही रेझिस्टर कोमट लागतात, एकच कडक तापत नाही. हे बघायला मिनिट लागतं, म्हणून आधी हेच बघा.

ट्रान्झिस्टर डायोड मोडवर तपासायचा तर एक पाय उचलून तपासा. बोर्डावरच तपासलात तर बेस-एमिटरमधल्या ४७० ओहममुळे प्रोब उलटसुलट करूनही मीटर साधारण ०.४७ दाखवेल, आणि चांगला ट्रान्झिस्टर गेलेला वाटेल.

दुसऱ्या चॅनलचा १० ओहमचा रेझिस्टर वेगळा मोजा. ट्रॅक तुटल्यावर स्क्रूड्रायव्हर क्षणभर जरी तिथेच राहिला असेल, तरी बी२ चा पॅड बी३ ला चिकटून दुसऱ्या चॅनलवर दोन सेलचे मिळून आठ व्होल्ट आले असणार. नेहमी दीड-पावणेदोन वॅट झेलणाऱ्या रेझिस्टरवर मग सहा वॅट. तो आतून ओपन झाला असेल तर बाकी सगळं ठीक असूनही चॅनल मेलेलंच दिसेल.

दुरुस्तीनंतर लगेच पॅक लावू नका. बेंच सप्लायला ०.५ अँपिअरची मर्यादा लावून एकेक चॅनल ३.६ पासून हळूहळू वर न्या. ४.१९ च्या जवळ येईपर्यंत करंट नगण्य हवा आणि तिथून थोड्याशा व्होल्टेजमध्ये ०.४ पर्यंत चढायला हवा. एखादं चॅनल ४.१४ ला सुरू झालं तर तो शॉर्टचा परिणाम समजू नका. साध्या टीएल४३१ ची अचूकता २ टक्के असते, म्हणजे इथे ८० मिलिव्होल्टपेक्षा जास्त इकडेतिकडे. ०.५ टक्क्याचा बी ग्रेड आणि १ टक्क्याचे रेझिस्टर घ्या. एसएमडी घेणार असाल तर टीएल४३२ चुकून येऊ देऊ नका. काम तेच, पण पायांची मांडणी वेगळी.

आता सेल. ३.३ व्होल्ट म्हणजे तिसरा सेल वाचलाय. फुगलाय का, गोडसर रसायनाचा वास येतोय का ते बघा. यातलं एकही असेल तर तो वापरू नका. नसेल तर त्याला एकट्याला कमी करंटने इतरांच्या बरोबरीला आणा आणि बोर्ड न लावता आठवडाभर ठेवून रोज मोजा. तो इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त उतरत असेल तर शॉर्टने आत इजा केली आहे, पॅकमधून काढा. कुठलाही सेल २ व्होल्टच्या खाली बराच काळ राहिला असेल, तर तो पुन्हा चार्ज करून बघण्याच्या फंदात पडू नका. आतलं तांबं विरघळून नंतर शॉर्ट होऊ शकतो.

प्रत्येक बॅलन्स वायरला सेलच्या बाजूला १ अँपिअरचा फ्यूज टाका. पॉलिफ्यूज (आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज) वापरणार असाल तर त्याचं व्होल्टेज रेटिंग पूर्ण पॅकच्या १६.८ पेक्षा जास्त असलेलंच घ्या. तिसऱ्या चॅनलचं ओहम रीडिंग इथे टाका, पुढचं सांगतो.