रेडिएशन दिलं, पण जेल झालंच नाही! वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जखमेवर लावायच्या हायड्रोजेल (म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणाऱ्या जेलच्या) पट्ट्यांवर छोटासा लेख होता आणि त्यात ओघात एक वाक्य येऊन गेलं, की या पट्ट्या गॅमा किरणांखाली बनतात. बास, सगळी पत्रं त्या एका वाक्यावरच आली, बाकीचा लेख कुणी वाचला की नाही देव जाणे. त्यातले निवडक प्रश्न घेतोय, काही जरा कापूनछाटून.

प्रश्न: किरणांखालून काढलेली वस्तू थेट उघड्या जखमेवर लावायची म्हणजे भीतीच वाटते. ते जेल स्वतः रेडिओॲक्टिव्ह होत नाही का?

उत्तर: नाही होत. कोबाल्ट-६० मधून जे गॅमा किरण निघतात त्यांची एनर्जी १.१७ आणि १.३३ एमईव्ही (मिलियन इलेक्ट्रॉनव्होल्ट) असते. अणूभोवतीचे इलेक्ट्रॉन उडवून लावायला ती भरपूर झाली, पण अणूच्या गाभ्यात ढवळाढवळ करायला पुरत नाही, आणि वस्तू रेडिओॲक्टिव्ह व्हायची तर गाभाच बदलावा लागतो. इलेक्ट्रॉन बीमच्या, म्हणजे गॅमाऐवजी वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत मारणाऱ्या मशीनला साधारण १० एमईव्हीची मर्यादा पाळतात ती याचसाठी. कोबाल्ट स्टीलच्या सीलबंद नळ्यांमध्ये असतो, माल त्याला शिवतसुद्धा नाही. आणि डिस्पोजेबल सिरिंज, सर्जरीचे हातमोजे वगैरे कित्येक वर्षं याच पद्धतीने निर्जंतुक होतात, तेव्हा हे काही नवीन प्रकरण नाही. जेलबद्दल विचारायचंच असेल तर हे विचारा की बनवताना ॲक्रिलिक ॲसिडसारखा मोनोमर (ज्यांच्या लांब साखळ्या बनतात तो छोटा रेणू) घातला होता का आणि तो धुऊन काढलाय का, कारण त्वचेला त्रास झालाच तर अशा उरलेल्या केमिकलने होईल, किरणांनी नाही.

प्रश्न: मी एमएस्सीला आहे, प्रोजेक्टसाठी कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचं (सीएमसी, सेल्युलोजपासून केलेला पाण्यात विरघळणारा पॉलिमर, म्हणजे लांब साखळीचा रेणू) २ टक्क्यांचं सोल्युशन बाटलीत भरून गॅमाला पाठवलं, २५ किलोग्रे (किरणांच्या डोसचं माप) डोस मागितला. परत आलं ते जेल नव्हतंच, उलट आधीपेक्षा पातळ, पाण्यासारखं! सर म्हणतात डोस वाढवून बघ. वाढवू का?

उत्तर: अजिबात नको, अजून पातळ होईल. तुमच्या सोल्युशनमध्ये ९८ टक्के पाणी आहे, म्हणजे किरणांची जवळजवळ सगळी एनर्जी पाणीच खाणार, पॉलिमरला थेट फारसं काही मिळत नाही. पाणी फुटतं आणि त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल (रॅडिकल म्हणजे जोडी नसलेल्या इलेक्ट्रॉनचा, कशालाही लगेच भिडणारा तुकडा), पाण्यात विरघळलेले मोकळे इलेक्ट्रॉन आणि थोडे हायड्रोजन अणू बाहेर पडतात, दर १०० इलेक्ट्रॉनव्होल्टमागे पहिले दोन साधारण २.७ प्रत्येकी. यातला हायड्रॉक्सिल हा खरा खेळाडू. तो सेल्युलोजच्या साखळीवरचा एक हायड्रोजन ओढून नेतो आणि साखळीवर रिकामी, अस्वस्थ जागा राहते, म्हणजे रॅडिकल आता साखळीवर आलं.

आता पुढे दोन वाटा. एकतर ती जागा आतल्या आत सरकून साखरेच्या कड्यांना जोडणारा ग्लायकोसिडिक बंध तोडते, साखळीचे दोन तुकडे, चिकटपणा खलास. नाहीतर शेजारच्या साखळीवरची तशीच एक जागा तिला भेटते, दोघींचा बंध जुळतो आणि असे पुरेसे बंध झाले की जाळं तयार होतं, तेच तुमचं जेल. किरणांना यातलं काही माहीत नसतं, ते दोन्ही कामं एकाच वेळी करत असतात, कुठलं काम जास्त होईल हे तुम्ही बाटलीत काय भरलंय त्यावर ठरतं.

२ टक्क्यांत साखळ्या एकमेकींपासून लांब, त्यात सीएमसीवर निगेटिव्ह चार्ज असतो त्यामुळे त्या एकमेकींना लोटतातही, शेजारीण भेटायच्या आधीच तुटून मोकळ्या. याउलट गच्च भरलेल्या डब्यात जसा हलायलाही वाव नसतो आणि शेजाऱ्याला धक्का लागतोच, तसं पॉलिमर दाटीत असेल तर जोडणं जिंकतं. जपानमध्ये ताकासाकीच्या अणुसंशोधन केंद्रात २००० च्या सुमारास नेमकं हेच दाखवलं गेलं. तोवर सर्वसाधारण समज असा होता की सेल्युलोज, स्टार्च, कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारं) ही मंडळी रेडिएशनखाली फक्त तुटतात आणि कोरडी असताना तुटतातच, पण त्यांनी सीएमसीची घट्ट पेस्ट करून बीमखाली धरली आणि कुठलंही क्रॉसलिंकर (साखळ्या एकमेकींना जोडणारं केमिकल) न घालता जेल मिळालं. शिवाय हे जेल सेल्युलेज एन्झाइमने विघटितही होतं, म्हणजे जैवविघटनशीलता गेली नाही. नंतर कार्बोक्सिमिथाइल स्टार्च आणि कार्बोक्सिमिथाइल कायटोसानचंही असंच जमलं. साधं कायटोसान किंवा समुद्री शेवाळातलं अल्जिनेट मात्र असं नुसतं पाण्यात कालवून जमणार नाही, त्यात वेळ घालवू नका.

तर करायचं काय? २० टक्क्यांच्या वरची पेस्ट करा, ३० ते ५० पर्यंत जायला हरकत नाही, चमचा उभा राहील इतकी घट्ट. एकदम ढवळून होत नाही ती, गुठळ्या होतात, नीट मळून रात्रभर ठेवून द्या म्हणजे पाणी सगळीकडे सारखं मुरतं. सीएमसी घेताना डिग्री ऑफ सब्स्टिट्यूशन बघून घ्या, कार्बोक्सिमिथाइल गट जितके जास्त तितकं सोपं जातं. मग पातळ शीट करून प्लास्टिकच्या पिशवीत व्हॅक्यूम सील करा. हा हवेचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात आणि तिथेच प्रयोग फसतो, कारण ऑक्सिजन साखळीवरच्या त्या रिकाम्या जागेला लगेच चिकटून पेरॉक्सिल रॅडिकल बनवतो आणि मग जुळायचं सोडून तुटणंच वाढतं, तुमच्या बाटलीत वर हवा होती का ते आठवून बघा. लॅबमध्ये नायट्रस ऑक्साइडची सोय असेल तर ती पण वापरता येते, तो मोकळ्या इलेक्ट्रॉनचंही हायड्रॉक्सिलमध्ये रूपांतर करतो, म्हणजे कामाचे रॅडिकल जवळजवळ दुप्पट.

डोसचं म्हणाल तर एकच आकडा धरून बसू नका, ५, १०, २०, ४० किलोग्रे असे चार-पाच नमुने पाठवा. आल्यावर प्रत्येकाचा तुकडा आधी सुकवून तोलायचा, मग पाणी बदलत बदलत दोन दिवस धुवायचा, परत सुकवून तोलायचा, जे उरलं ते भागिले सुरुवातीचं, ही जेल फ्रॅक्शन. सोबत फुगण्याचं प्रमाणही मोजा. हलकं क्रॉसलिंक झालेलं सीएमसी जेल कोरड्या वजनाच्या शेकडोपट पाणी ओढतं, डोस वाढवला की जाळं घट्ट होतं आणि फुगणं कमी होतं. मिठाच्या पाण्यात तर ते चांगलंच आक्रसतं, त्यामुळे नुसत्या डिस्टिल्ड वॉटरचे आकडे देऊन थीसिस सजवू नका.

आणि सरांना हेही सांगा की यात शिजवण्याचा काही संबंध नाही. २५ किलोग्रे म्हणजे किलोमागे २५ किलोज्यूल, तेवढ्याने पाणी जेमतेम ६ अंशांनी तापतं.

प्रश्न: घरच्या मायक्रोवेव्हमध्ये किंवा यूव्ही दिव्याखाली हे जमेल का?

उत्तर: मायक्रोवेव्हमध्ये नाही, ते फक्त तापवतं, रॅडिकल बनवण्याइतकी एनर्जी त्या लहरींत नसते. यूव्हीने जेल होतात पण बहुतेक वेळा फोटोइनिशिएटर (प्रकाश पडला की रॅडिकल सोडणारं केमिकल) घालावा लागतो आणि प्रकाश जाईल तेवढीच जाडी मिळते. आणि घरी कशाला हो हे उद्योग!

प्रश्न: जे नुसतंच तुटतं ते वाया गेलं म्हणायचं का? कायटोसानबद्दल विचारतोय.

उत्तर: वाया कसलं, माझ्या मते छोट्या उद्योगाला जेलपेक्षा हे जास्त जमण्यासारखं आहे. कायटोसान, अल्जिनेट, कॅराजीनन यांचे लांब धागे किरणांनी तोडून छोटे तुकडे केले की ते झाडांच्या वाढीला आणि रोगप्रतिकाराला मदत करतात, ॲसिड किंवा एन्झाइमची कटकट न करता. फिलिपाइन्समध्ये समुद्री शेवाळातलं कॅराजीनन असंच तोडून भातपिकावर फवारण्याचा कार्यक्रम सरकारी अणुसंशोधन संस्थेने राबवला. कोरड्या पावडरला डोस बराच लागतो, सोल्युशनमध्ये थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं तर तेवढंच तुटायला कमी डोस पुरतो. फक्त एक बघा, प्रत्येक बॅचची व्हिस्कॉसिटी किंवा मॉलिक्युलर वेट तपासल्याशिवाय माल बाहेर सोडू नका, कारण तुकड्यांचा साइज चुकला की परिणामही बदलतो आणि शेतकरी दुसऱ्यांदा विचारत नाही.

प्रश्न: तुमच्या लेखातल्या पट्टीत अगार (समुद्री शेवाळातून काढलेला, जेल होणारा पदार्थ) असतं असं वाचलं. पण अगार तर थंड झालं की आपोआप घट्ट होतं, मग रेडिएशन कशाला?

उत्तर: चांगला प्रश्न. पोलंडमध्ये वूच इथे यानुश रोसियाक यांनी १९८० च्या दशकात जी पद्धत बसवली तिच्यात पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन, थोडं पॉलिइथिलीन ग्लायकॉल, थोडं अगार आणि बाकी पाणीच पाणी असतं. गरम मिश्रण साच्यात ओतायचं, थंड झालं की अगारमुळे त्याला आकार येतो, मग ते पॅक करून सील करायचं आणि २५ किलोग्रेच्या आसपास डोस द्यायचा. त्या एकाच डोसमध्ये पायरोलिडोनच्या साखळ्या क्रॉसलिंक होतात आणि पाकिटाच्या आत पट्टी निर्जंतुकही होते, दोन कामं एका फेरीत, मला तरी या सगळ्या विषयातली ही सर्वात हुशार कल्पना वाटते. अगार स्वतः किरणांनी थोडं तुटतं, पण तोवर त्याचं काम झालेलं असतं. नुसतं अगार ठेवलं असतं तर पट्टी ठिसूळ झाली असती, उचलतानाच फाटली असती. जिलेटिनचं वेगळं आहे, ते पाण्यात असताना स्वतःच क्रॉसलिंक होतं आणि मग शरीराच्या तापमानाला वितळत नाही, साधं जिलेटिन जेल वितळतं.

प्रश्न: साखळ्या जोडायला ग्लुटाराल्डिहाइड हे केमिकल स्वस्त आहे, काम टेबलावर होतं. एवढा खटाटोप कशासाठी?

उत्तर: प्रत्येक ठिकाणी करूच नका! ग्लुटाराल्डिहाइड विषारी आहे, उरलेलं धुऊन काढायला वेळ आणि पाणी जातं, शरीराशी संबंध येणार असेल तर तिथे रेडिएशन सरळसरळ उजवं. अजून एक फायदा म्हणजे जेलमध्ये चांदीचं मीठ आणि थोडा आयसोप्रोपिल अल्कोहोल घातला तर पाण्यातून सुटलेले तेच इलेक्ट्रॉन चांदीच्या आयनांचे नॅनोकण करून टाकतात, वेगळं रिड्युसिंग एजंट लागत नाही. पण औषध, प्रोटीन किंवा जिवंत पेशी आधीच जेलमध्ये भरायच्या असतील तर किरण त्यांनाही सोडत नाहीत, तिथे दुसरी पद्धत बघा.

आणि प्लांटला माल पाठवायचा ठरलंच तर आधी फोनवर गॅमा आहे की इलेक्ट्रॉन बीम ते विचारून घ्या. गॅमा खोलवर जातो, पूर्ण खोके चालतात, पण डोस मिळायला तास लागतात. बीमचं काम सेकंदांत होतं, पण १० एमईव्हीचा बीमही एका बाजूने पाण्यासारख्या मालात साडेतीन सेंटीमीटरच्या आसपासच नीट पोचतो, त्यामुळे जाड ठोकळे न पाठवता शीट एका थरात मांडून पाठवा. सोबत कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती डोस चालेल हे दोन्ही आकडे लेखी द्या, नुसतं २५ लिहिलंत तर खोक्याच्या एका कोपऱ्यात तेवढा आणि दुसऱ्या कोपऱ्यात बराच जास्त असा माल हातात येईल.