'काळ बदलला' एवढ्यावर भागणार नाही

प्रिय बाळ,

सप्रेम सलाम.

स्त्रियांच्या पाळकीय दीक्षेवरील, म्हणजे त्यांना पुरोहितपदावर नेमण्याच्या विधीवरील, तुझ्या निबंधाचा मसुदा मी दोनदा वाचला. स्त्रियांना ही दीक्षा मिळावी, ही तुझी बाजू माझीही आहे, म्हणूनच जरा कडक नजरेने वाचला. पहिल्याच पानावर 'काळ बदलला, आता मंडळीनेही बदलावे' असे लिहून तू मोकळा झालास. या वाक्याने विरोधकाचे मन वळणार नाही, कारण मंडळीने काळाच्या मागे का जावे, हाच तर त्याचा प्रश्न आहे.

शिवाय विरोधक म्हणजे एकच गट असे तू धरून चालला आहेस. अँग्लिकन मंडळीत, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेत, ते निदान दोन आहेत आणि एरवी त्यांचे आपसात फारसे पटत नाही. पहिला गट तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायावर बोट ठेवतो. स्त्रीने पुरुषावर अधिकार चालवू नये, हे तिथले वचन त्याला आजही बंधनकारक वाटते. दुसरा गट कॅथलिक वळणाचा आहे आणि त्याला चिंता संस्काराची आहे. प्रेषितांपासून डोक्यावर हात ठेवून दीक्षा देण्याची जी परंपरा चालत आली, तिच्यात रोम आणि पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांना बाजूला ठेवून अँग्लिकनांनी परस्पर बदल केला, तर ती दीक्षा खरी कशी मानावी, आणि दीक्षाच शंकास्पद असेल तर त्या हातून मिळालेल्या प्रभुभोजनाची (भाकर व द्राक्षारसाच्या संस्काराची) खात्री कोणी द्यावी, असे तो विचारतो. पहिल्या गटापुढे तू रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायातील मंडळीची सेविका फीबी उभी केलीस, ते योग्यच आहे. दुसऱ्यापुढे तिचा फारसा उपयोग नाही. असा निर्णय घेण्याचा अधिकार एकट्या अँग्लिकन मंडळीला कोठून मिळाला, यावर तुझ्या मसुद्यात एक ओळही नाही.

सर्वांत खटकले ते हे, की अँग्लिकन मंडळीतल्या पहिल्या स्त्री-पुरोहित फ्लॉरेन्स ली टिम-ओई यांना तू तळटीपेत ढकललेस. जपान्यांनी हाँगकाँग घेतल्यावर मकाव या तटस्थ पोर्तुगीज वसाहतीत निर्वासितांची गर्दी लोटली. तिथे अँग्लिकन पुरोहिताला पोचता येईना आणि मंडळी सांभाळत होत्या त्या डीकन (पुरोहिताच्या खालचे पद) असलेल्या ली टिम-ओई. प्रभुभोजनाचा विधी चालवणे हे डीकनचे काम नव्हे, तरी नाइलाज म्हणून त्यांना तशी परवानगी देण्यात आली होती. हाँगकाँगचे बिशप रोनाल्ड हॉल यांचा युक्तिवाद इथून सुरू होतो: पुरोहिताचे काम दीक्षेविना करू देणे अधिक नियमबाह्य, की जी ते काम करतेच आहे तिला दीक्षा देणे? जपानी ताब्यातला मुलूख ओलांडून त्या चीनमधल्या झाओचिंगला पोचल्या आणि 25 जानेवारी 1944 रोजी हॉल यांनी त्यांना पुरोहितपदाची दीक्षा दिली. कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम टेंपल यांना त्यांनी कळवले त्यात स्त्री-पुरुष समतेचा कैवार नव्हता. आपल्या मंडळीला संस्कारांवाचून ठेवणार नाही, एवढाच आग्रह होता. पवित्र आत्मा आधीच मिळालेल्या, यहूदी नसलेल्या कर्नेल्याला पेत्राने बाप्तिस्मा दिला, त्या प्रसंगाशी त्यांनी या दीक्षेची तुलना केली. देवाने आधीच दिलेले दान मंडळीने ओळखायचे, हा त्यांचा मुद्दा होता आणि तुझ्या निबंधाचा कणा तोच व्हायला हवा.

1946 मध्ये दडपण आल्यावर ली टिम-ओई यांनी पुरोहित म्हणून काम करण्याचा आपला परवाना परत केला, दीक्षा नव्हे. हा फरक बारीक वाटेल, पण तो नीट मांड. दीक्षा परत करता येत नाही, असे मानणारी परंपराच त्यांच्या बाजूने उभी राहते ती इथे, आणि कॅथलिक वळणाच्या वाचकाशी बोलायला तुला याहून चांगली वाट मिळणार नाही.

इंग्लंडचा भाग तू फार भरभर उरकलास. सिनॉडने, म्हणजे तिथल्या मंडळीच्या कायदे करणाऱ्या सभेने, 1975 मध्येच स्त्रियांच्या दीक्षेला तत्त्वतः मूलभूत हरकत नाही असे ठरवले होते. प्रत्यक्ष कायदा मंजूर व्हायला 11 नोव्हेंबर 1992 उजाडले. बिशप, पाळक आणि सामान्य सभासद या तिन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते हवी होती. सामान्य सभासदांच्या सभागृहात 169 विरुद्ध 82 मते पडली. दोघांनी मत फिरवले असते तर ठराव पडला असता. 1994 च्या मार्चमध्ये ब्रिस्टलच्या कॅथीड्रलमध्ये 32 स्त्रियांना दीक्षा मिळाली. ली टिम-ओई यांचे निधन मात्र 1992 च्या फेब्रुवारीत, त्या मतदानाच्या आधीच झाले होते. स्त्रियांना बिशपपद देण्याचा ठराव 2012 मध्ये याच सभागृहात सहा मतांनी पडला आणि 2014 मध्ये मंजूर झाला. विरोधी मंडळ्यांसाठी वेगळे बिशप नेमण्याच्या सोयीला तू 'लाचार तडजोड' म्हटले आहेस. मलाही ती रुचत नाही. तरीही तो शब्द काढ, कारण तिच्यामुळे कितीतरी माणसे मंडळीत टिकली.

जाता जाता एक. तुला मराठी धागा हवा होता म्हणून तू पंडिता रमाबाईंना ओढून आणले आहेस. त्यांनी दीक्षेची मागणी केल्याचा पुरावा तुझ्यापाशी नाही; तो परिच्छेद गाळ. मात्र 1883 मध्ये वाँटेज येथे अँग्लिकन मंडळीत बाप्तिस्मा घेतल्यानंतर, चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली होती आणि रमाबाईंनी तिला ठणकावून विरोध केला होता. ते प्रकरण त्यांच्या पत्रव्यवहारातून वाचून काढ. अधिकाराच्या प्रश्नाखाली दोन ओळींत ते चपखल बसेल.

सुधारलेला मसुदा टपालानेच पाठव. पडद्यावर वाचणे आता माझ्या डोळ्यांना झेपत नाही.

तुझी,
बाई